परवाना, शिक्का आणि संसार

विरहाचें वाङ्मय आपणांस नवें नाहीं. मेघदूतांतला यक्ष रामगिरीवर बसून शोक करतो. पण त्याच्या शोकाला एक मोठा आधार आहे. त्याला आपल्या शिक्षेची मुदत ठाऊक आहे. वर्षाचा शाप, त्यांतले चार महिने उरलेले. शार्ङ्गपाणि शेषशय्येवरून उठला कीं शाप संपला. कुबेरासारख्या कडक धन्यानेंहि निदान तारीख दिली होती. विसाव्या शतकानें विरहाचा जो नवा प्रकार जन्मास घातला, त्यांत तारीखच नसते. नवरा एका देशांत, बायकामुलें दुसऱ्या देशांत, आणि दोहोंमध्यें समुद्र नव्हे, तर कचेरींतलें एक टेबल. समुद्र ओलांडावयास आगबोट आहे, विमान आहे. टेबलापलीकडचा कारकून मात्र आणखी एक दाखला मागतो, आणि तो दाखला मिळेपर्यंत आधींच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. या टेबलाभोंवतीं गेल्या शतकांत युरोप-अमेरिकेंत बरेंच वाङ्मय निर्माण झालें. त्यांतल्या तीन कृतींचा येथें विचार करावयाचा आहे: एक संगीतिका, एक कादंबरी आणि एक लहानशी कथा. काळाच्या क्रमानें कथा पहिली आहे. मीं ती मुद्दाम शेवटीं ठेवली आहे.

हें टेबल फार जुनें नाहीं. १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांना अडविणारे पुष्कळ होते. पण ते सर्व इकडचे. धर्म, जात, लोकापवाद हे त्यांचे पहारेकरी. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांना व्हिसा कोणीं विचारला नाहीं, कारण ती वस्तु तेथें अजून प्रचारांतच आली नव्हती. गोपाळराव मागाहून गेले तेहि तसेच. पहिल्या महायुद्धापूर्वीं आपण पासपोर्टावांचून हिंदुस्थान व अमेरिका हिंडून आलों, ही गोष्ट तरुणांना सांगितली कीं ते थक्क होतात, असें स्टेफान त्स्वाइग यानें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. आपल्याकडचा पासपोर्टाचा कायदा १९२० चा. परंतु आनंदीबाईंच्या प्रवासाच्या आदल्याच वर्षीं, १८८२ सालीं, अमेरिकेनें चिनी मजुरांस देशाचें दार लावून घेतलें होतें, आणि पुढें साऱ्या जगानें गिरविलेला कित्ता त्या कायद्यानें घालून दिला. माणूस कोण आहे हें त्यानें सांगून भागत नाहीं. तें कागदानें सांगावें लागतें.

येथें मला शाकुंतलाची आठवण होते. पांचव्या अंकांत गर्भवती पत्नी पतीच्या दारीं उभी आहे आणि तिच्यापाशीं पुरावा नाहीं. अंगठी शक्रावतारच्या पाण्यांत पडलेली. व्हिसाच्या कचेरींत हाच अंक रोज खेळला जातो, फक्त पात्रयोजना निराळी आहे. तेथें दुष्यंत शकुंतलेला ओळखतो, शकुंतला दुष्यंताला ओळखते, दोघेंहि एकमुखानें तसें सांगतात. अंगठी मागतो तो तिसराच इसम. कालिदासानें अंगठी कोळ्याच्या हातून परत आणविली आणि अंगठीबरोबर स्मृतिहि परत आणविली. आजच्या ग्रंथकारापुढें याहून अवघड प्रश्न आहे. अंगठी शोधण्यांत जो काळ जातो, तो काळ, ज्या नात्याची ती खूण, त्या नात्याचें काय करतो? या विषयावरील कृति मला या एकाच कसोटीवर घासून पाहावीशी वाटते. जी कृति कारकुनाच्या निष्ठुरपणापाशीं थांबते, ती कितीहि परिणामकारक असली तरी वर्तमानपत्रांतील तक्रारीच्या फारशी पुढें जात नाहीं.

जान-कार्लो मेनोत्तीची ‘द कॉन्सल’ ही संगीतिका १ मार्च १९५० रोजीं फिलाडेल्फियांत प्रथम रंगभूमीवर आली आणि त्याच वर्षीं तिला संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. देशाचें नांव दिलेलें नाहीं. पोलिसांचें राज्य असलेला युरोपांतला कोणताहि देश समजावा. जॉन सोरेल हा क्रांतिकारक सरहद्दीपलीकडे पळून जातो; मागें त्याची पत्नी माग्दा, तान्हें मूल आणि म्हातारी आई. माग्दा परदेशी वकिलातींत रोज खेटे घालते. कॉन्सल अखेरपर्यंत रंगभूमीवर येत नाहीं. येते ती त्याची सेक्रेटरी, आणि तिच्या तोंडीं नांव, नंबर, अर्ज, फोटो यांपलीकडे शब्द नाहीं. मूल मरतें, आजी मरते, आणि शेवटीं माग्दा घरांतल्या चुलीचा गॅस सोडून जीव देते.

मेनोत्तीला रंगभूमीची उत्तम जाण होती. वाट पाहणाऱ्यांच्या दालनांत एक जादूगार आहे. तो आपली ओळख पटविण्यासाठीं हातचलाखी करून दाखवितो, कारण त्याच्यापाशीं दाखवावयास दुसरें कांहीं नाहीं. हा प्रवेश हंसवतां हंसवतां काळजाला हात घालतो. एकदां मोठ्या विनवण्यांनंतर माग्दाला कॉन्सलची भेट कबूल होते. आंत एक बडा पाहुणा आहे, तो गेला कीं तिची पाळी. दार उघडतें, आणि बाहेर पडतो तिच्या नवऱ्याच्या मागावर असलेला गुप्त पोलिसांचा अंमलदार. एका दाराच्या उघडझापीनें येथें जें साधलें आहे, तें दहा पानांच्या भाषणानें साधलें नसतें.

आणि तरीहि प्रयोग संपल्यावर आपण सुन्न होतों, शहाणे होत नाहीं. मेनोत्तीनें मृत्यूंची रास घातली आहे, आणि मृत्यु ही नाटककाराची फार सोयीची वाट आहे. मेलेल्या माणसांचें प्रेम शाबूत राहतें. माग्दा आणि जॉन यांचें नातें पहिल्या अंकांत जितकें निर्मळ, तितकेंच तिसऱ्यांत. वाट पाहण्यानें त्याला साधा चरासुद्धां पडलेला नाहीं. इतक्या दिवसांच्या उंबरठे झिजवण्यांत माग्दाला नवऱ्याचा कधीं राग येत नाहीं काय? तूं गेलास आणि मला या बाकावर बसवून गेलास, असें तिच्या मनांत एकदांहि येत नाहीं काय? ज्यानें कोणीं अशी वाट पाहणारें घर आंतून पाहिलें असेल, त्याला हें निर्मळपण खरें वाटणार नाहीं.

आना सेगर्स हिची ‘ट्रांझिट’ ही कादंबरी याच्या अगदीं उलट प्रकृतीची आहे. लेखिका जर्मन, ज्यू आणि साम्यवादी. म्हणजे १९४० च्या फ्रान्समध्यें तिहेरी गुन्हेगार. नवरा हंगेरियन विद्वान, तो ल व्हेर्नेच्या छावणींत अडकलेला. दोन मुलें पदरीं. त्याची सुटका, मेक्सिकोचा परवाना आणि बोटीवर जागा, या तिन्ही गोष्टींसाठीं ती मार्सेय्यच्या कचेऱ्यांतून हिंडली. मार्च १९४१ मध्यें चौघेंहि मार्टिनीककडे जाणाऱ्या बोटींत चढलीं आणि पुढें मेक्सिकोस पोहोंचलीं. तिची आई मागें माइन्त्स शहरांत राहिली. १९४२ सालीं तिला पोलंडांतील छावणीकडे धाडण्यांत आलें. कादंबरी १९४४ सालीं प्रथम इंग्रजी व स्पॅनिश भाषांतरांत निघाली; मूळ जर्मन पुस्तक १९४८ चें.

एवढें सोसलेल्या बाईनें आपल्या कुटुंबाची कहाणी सरळ लिहिली असती तर कोणीं बोल लावला नसता. तिनें तसें केलें नाहीं, यांतच तिची कलादृष्टि दिसते. तिच्या कादंबरींत नवरा प्रथमपासूनच मेलेला आहे. वाइडेल नांवाचा लेखक, जर्मन फौजा पॅरिसांत शिरतांच, हॉटेलाच्या खोलींत आत्महत्या करतो. त्याची पेटी एका फरारी माणसाच्या हातीं पडते; हाच कादंबरीचा निवेदक. पेटींत अपुरें हस्तलिखित आहे, पत्नी मारी हिचीं पत्रें आहेत, आणि मेक्सिकोचा परवाना तयार असल्याची चिठ्ठी आहे. मार्सेय्यला कॉन्सलच्या कचेरींत या फरारी माणसालाच वाइडेल समजतात, आणि तो तें नाकारीत नाहीं. इकडे मारी, जी नवऱ्याला सोडून एका डॉक्टराबरोबर राहत आहे, गांवभर त्याला शोधीत फिरते. कारण त्याच्या परवान्यावांचून तिला जातां येत नाहीं. कचेरींत तिला सांगतात, आपले यजमान आतांच येऊन गेले. निवेदक जों जों मेलेल्याच्या नांवावर एकेक शिक्का मिळवितो, तों तों त्या बाईची खात्री पटते कीं नवरा जिवंत आहे. अंगठी शाबूत आहे, दुष्यंत मेला आहे, आणि शकुंतला अंगठीवरून दुष्यंताचा माग काढीत आहे! आरंभीं तिचा शोध परवान्यासाठीं होता. हळूहळू तो खरोखरच नवऱ्यासाठीं होऊं लागतो. जें प्रेम घरांत विझलें होतें, तें कचेरींतल्या नोंदीवर पुन्हां पेटतें. कागद नात्याला काय करतो, हें इतक्या क्रूर आणि तरी विनोदी रीतीनें दुसऱ्या कोणीं दाखविलेलें माझ्या वाचनांत नाहीं.

यंत्रणेचें वर्णनहि चोख आहे. बंदराच्या या गांवांत राहण्याची परवानगी त्यालाच मिळते, जो गांव सोडून जाणार असल्याचें सिद्ध करतो. मुक्कामाच्या देशाचा व्हिसा, वाटेवरच्या देशांतून जाण्याचा ट्रांझिट, फ्रान्सबाहेर पडण्याचा परवाना आणि बोटीचें तिकीट, या चार गोष्टी एकाच वेळीं जिवंत असाव्या लागतात, आणि प्रत्येकीचें आयुष्य निराळें. एक हातीं येते तों दुसरी मरते. काराकासला नोकरी मिळालेला म्हातारा संगीतसंचालक या फेऱ्यांत कागद पुरे होत आले असतांनाच मरून पडतो. एक बाई दोन दांडग्या कुत्र्यांना जिवापाड सांभाळते, कारण कुत्र्यांचे अमेरिकन मालक तिच्यासाठीं हमीपत्र देणार आहेत. माणसाला कुत्र्यांच्या वशिल्यानें देश मिळावयाचा! सेगर्स यावर टीका करीत नाहीं, सांगते आणि पुढें जाते. सगळी गोष्ट निवेदक जुन्या बंदरावरच्या एका खाणावळींत अनोळखी माणसाला ऐकवितो आणि कंटाळवाणें होतें आहे काय, असें मधून मधून त्यालाच विचारतो. हा कंटाळा कादंबरीचा दोष नसून तिचा विषय आहे, हें ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ वाचक ती मध्येंच टाकतात.

दोष आहे तो मारीच्या चित्रणांत. ती वाऱ्यासारखी येते, वाऱ्यासारखी जाते. तिचें मन आपणांस निवेदकाच्या डोळ्यांतूनच दिसतें, आणि तो तिच्यावर लुब्ध. अखेर ती बोटीवर चढते, आणि ती बोट बुडाल्याची वार्ता येते. बाकावर बसलेल्या बाईचें अंतरंग पाहावयाचें तर या कादंबरींत तें नाहीं.

हा सगळा प्रकार युद्धाबरोबर संपला असें वाटण्याचा संभव आहे, म्हणून थोडें विषयांतर करतों. ब्रिटनमध्यें १९८० पासून १९९७ पर्यंत असा नियम होता कीं, परदेशी नवऱ्यानें आपल्या विवाहाचा मुख्य हेतु ब्रिटनमध्यें वस्ती करणें हा नाहीं, असें सिद्ध करावें. नाहींपण कसें सिद्ध करावयाचें, हा नैयायिकांचा जुना वाद. त्याची झळ भारत, पाकिस्तान व बांगलादेशांतील वरांस विशेष लागली. १९८५ सालीं ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाची डीएनए-परीक्षेची नवी युक्ति प्रथम व्यवहारांत वापरली गेली, ती खुनाच्या तपासांत नव्हे. घानाहून परतलेला एक मुलगा आपल्या आईचाच मुलगा आहे, हें ब्रिटिश सरकारास पटविण्यासाठीं! २०१२ पासून तेथें पत्नीस वा पतीस आणावयाचें तर वर्षाला १८,६०० पौंडांची मिळकत दाखवावी लागे. एप्रिल २०२४ मध्यें तो आंकडा २९,००० झाला. संसाराला उत्पन्नाची अट पूर्वीं मुलीचा बाप घालीत असे. आतां ती सरकार घालतें, आणि तीहि लग्न झाल्यावर. आपल्या पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांना अमेरिकेचा एच-४ हा प्रकार परिचयाचा आहे. नवऱ्यापाठोपाठ गेलेल्या उच्चशिक्षित स्त्रीला त्या परवान्यावर नोकरीची मनाई असे; २०१५ सालीं, ज्यांच्या पतीचा कायम वस्तीचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत गेला आहे अशा कांहींजणींना मुभा मिळाली. येथें विरह टळतो, नवरा-बायको एका छपराखालीं येतात. पण दोघांचें एकमेकांशीं असलेलें माप कागदानें बदलून ठेवलेलें असतें. माहेरीं स्वतःच्या पगारावर पुस्तकें विकत घेणारी मुलगी तेथें भाजीच्या पैशांचा हिशेब सांगूं लागते. यावर एक चांगली मराठी कादंबरी होईल. हिमवर्षाव आणि दिवाळींतील आठवणी यांवर आपण पुष्कळ शाई खर्च केली आहे. थोडी इकडे वळवावी.

आतां ती लहानशी कथा. लेखिका ईडिथ मॉड ईटन, जन्म १८६५, इंग्लंडांतील मॅकल्सफील्ड येथें. बाप इंग्रज, आई चिनी, लहानपण माँट्रियलांत. चेहऱ्यावरून ती गोरी म्हणून सहज खपली असती. तिनें ‘सुइ सिन फार’ हें चिनी नांव घेऊन लिहिलें. ‘इन द लँड ऑफ द फ्री’ ही तिची कथा १९०९ सालीं एका अमेरिकन साप्ताहिकांत आली व १९१२ च्या ‘मिसेस स्प्रिंग फ्रेग्रन्स’ या संग्रहांत समाविष्ट झाली. दोन वर्षांनीं लेखिका वारली आणि पुढें कित्येक दशकें तिचें नांव विस्मृतींत गेलें.

पार्श्वभूमि एका वाक्यांत सांगतां येईल. चिनी मजुरांना अमेरिकेंत बंदी होती, व्यापाऱ्यांना नव्हती. व्यापाऱ्याच्या बायकोला व अज्ञान मुलांना वेगळा दाखला नको, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९०० सालींच ठरविलें होतें. म्हणजे कायद्यानें दार उघडें होतें. परंतु पुढें उभें असलेलें पोर हें त्याच व्यापाऱ्याचें पोर, हें कोणी सांगावें? कथेच्या पुढच्याच वर्षीं, १९१० सालीं, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडींतील एंजल बेटावर जें ठाणें उघडलें, तेथें बापाला व मुलाला निरनिराळें बसवून गांवच्या घराला पायऱ्या किती, तांदळाचा कोठार कोठें, असले प्रश्न विचारीत आणि उत्तरें ताडून पाहत. ज्यांचें नातें खरें ते गोंधळत, ज्यांचें खोटें ते पाठ करून येत.

लाए चू ही सॅन फ्रान्सिस्कोंतील होम हिंग या व्यापाऱ्याची पत्नी. मूल चीनमध्यें जन्मावें म्हणून ती गेली होती. सासूसासऱ्यांच्या दुखण्यामुळें मुक्काम लांबला. बोट बंदराला लागत असतां ती कडेवरच्या मुलाला सकाळच्या उन्हांतले डोंगर दाखविते. नवरा धक्क्यावर उभा. आईचे कागद आहेत, बापाचे आहेत, मुलाचा नाहीं. अंमलदार कांहीं राक्षस नाहींत. कायदा आहे तो असा, एवढेंच ते सांगतात आणि मूल ठेवून घेतात. एका रात्रीचा प्रश्न आहे, असें नवरा बायकोला समजावतो. रात्रीचे महिने होतात. मग एक वकील येतो. वॉशिंग्टनला जाऊन काम हलवितों म्हणतो आणि पांचशें डॉलर मागतो. होम हिंगपाशीं तेवढे नाहींत. लाए चू अंगावरचे दागिने उतरून वकिलापुढें टाकते.

कथेंत कच्चे दुवे आहेत. नवऱ्याशीं बोलतांना लाए चूच्या तोंडीं बायबलांतल्यासारखी भारदस्त इंग्रजी घातली आहे, आणि वकिलाशीं बोलतांना मोडकी. आरंभीं हें कृत्रिम वाटतें. पण दुसऱ्यांदा वाचतांना ध्यानांत येतें कीं त्यांत एक खरें आहे: आपल्या भाषेंत हीच बाई घरची राणी, परक्याच्या भाषेंत तीच पोरवयाची. अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाची ही अवस्था होते. दागिन्यांचा प्रसंग मात्र थोडा ओढून आणलेला आहे. त्या काळच्या मासिकांना अश्रु लागत, आणि लेखिकेनें ते पुरविले. नवरा-बायकोंमधलें ताणलेपण तिनें जेथें सहज नोंदलें आहे तेथें ती अधिक बलवान आहे. बायको रोज मुलाबद्दल विचारते. नवऱ्यापाशीं रोज तेंच उत्तर, उद्यां. खोटें बोलण्याचा त्याचा हेतु नाहीं. पण ‘उद्यां’ हा सरकारचा शब्द आतां नवऱ्याच्या तोंडून येऊं लागला आहे. मेनोत्तीच्या माग्दाला जें कधीं जाणवलें नाहीं, तें या भोळ्या बाईला जाणवतें.

दहा महिन्यांनीं वॉशिंग्टनहून कागद येतो. सही आहे, शिक्का आहे, मूल आईबापांना द्यावें असा हुकूम आहे. लाए चू एकटीच मिशनच्या शाळेंत जाते. तेथील गोरी बाई मायाळू आहे. ती सांगते कीं मूल पहिल्यानें आईसाठीं फार रडलें, पण मुलें लवकर विसरतात. महिन्याभरांत अगदीं रमलें. हें ती चांगल्या मनानें, धीर देण्यासाठीं सांगते. साऱ्या कथेंत याहून भयंकर असें कोणी कांहीं बोललेलें नाहीं.

मग मुलाला आणतात. अंगावर परदेशी कपडे, आणि त्याला आतां किम म्हणून हांक मारतात. आई हात पुढें करते. मूल गोऱ्या बाईच्या झग्याच्या घोळांत तोंड लपवितें, आणि आईला तेथून जावयास सांगतें. सांगतें तें इंग्रजींत. लेखिकेनें यापुढें एक ओळ लिहिलेली नाहीं. मूल त्या दिवशीं घरीं आलें किंवा नाहीं, बाप काय म्हणाला, आणि तो शिक्क्याचा कागद त्या घरांत पुढें कोणीं कोठें ठेवला, हेंहि तिनें सांगितलेलें नाहीं.